आधी हात, मग भांडी

जुन्या आठवणींच्या पुस्तकांत पंक्तींची वर्णने भरपूर सापडतात. किती पाने मांडली होती, वाढपी कोण होते, जिलब्यांची पैज कोणी जिंकली, हे सगळे आपल्याला सांगितलेले असते. पंगत उठल्यावर त्या पातेल्यांचे आणि पराती-पिंपांचे पुढे काय झाले, ती कुणी घासली, किती वेळ घासली, याची नोंद मात्र शोधत बसावे लागते. संत जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला-कांडायला बसतो, म्हणून निदान घरकामाला मराठी कवितेत एक मानाची जागा मिळाली. पण कविता सोडून इतिहासात आलो की मोरीवर बसलेले माणूस आपल्याला दिसेनासे होते.

आज मला त्या मोरीविषयीच बोलायचे आहे. निमित्त आहे डिशवॉशर या यंत्राचे. हे यंत्र सुरक्षितपणे कसे वापरावे, असा साधा घरगुती विषय आहे. पण मी कवी माणूस, यंत्रांचा जाणकार नव्हे. त्यामुळे मी थोडा मागून येणार आहे. भांडी घासण्याच्या कामात धोका कोणता होता, तो कुणाच्या वाट्याला आला आणि त्यातून वाचण्याची युक्ती कुणाला ठाऊक होती, हे पाहिले म्हणजे या नव्या यंत्राचे नियमही पाठ न करता लक्षात राहतात, असा माझा अनुभव आहे.

मी राहतो द्रोणागिरीत. पनवेलकडून उरणच्या दिशेने निघाले की उलवे, जासई मागे टाकून आपण इथे पोचतो. नाव डोंगराचे. करंजाजवळच्या या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि हनुमान द्रोणागिरी पर्वत घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी लोककथा आहे. पण आज द्रोणागिरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतात ते सिडकोचे सेक्टर, उंच इमारती आणि कंटेनरांच्या रांगा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. त्या जमिनींत भातशेती होती, खाजणे होती आणि मिठागरे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल धावू लागली.

हे सगळे भांड्यांच्या गोष्टीत कशाला, असे तुम्हाला वाटेल. कारण असे, की परदेशात बनलेले डिशवॉशर मुंबईच्या बाजारात यायचे, तर त्याची सरळ वाट याच बंदरातून जाते. आणि या यंत्राच्या पोटात जो एक पदार्थ नियमाने भरावा लागतो, तो आहे जाडे मीठ. मिठागरांच्या मुलखात हे यंत्र आले आणि आल्याबरोबर त्याने मीठ मागितले. त्या मिठाकडे मी पुढे येतोच. आधी राख.

यंत्राच्या आधी, साबणाच्याही आधी, कोकणात भांडी घासायला चुलीतली राख आणि नारळाचे सोडण असे. सोडण म्हणजे नारळाच्या सालीचा तुकडा. राखेने घासले की भांडे स्वच्छ होते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ते का होते, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो पाण्यात उतरतो आणि भांड्याला लागलेल्या तेला-तुपाशी त्याची गाठ पडली की तिथल्या तिथे थोडासा साबणच तयार होतो. उरलेले काम राखेचा खरखरीत कण करतो. तांब्या-पितळेला त्यावर चिंच किंवा पिळून झालेल्या लिंबाची साल. आंबटाने धातूवरचा मळ विरघळतो.

पण जो क्षार तेल कापतो, तो कातडीही कापतो. माझ्या नानीच्या हातांवरच्या भेगा मला अजून आठवतात. तळव्यावर रेषा असतात, त्यात आणखी बारीक काळ्या रेषांची भर पडलेली. रात्री ती हातांना खोबरेल चोळायची. लहानपणी आम्हाला ते म्हातारपण वाटायचे. पण म्हातारपण चेहऱ्यावर आणि केसांवर येते. तळहातावरच्या भेगा त्या राखेच्या आणि पाण्याच्या होत्या. ती आम्हा मुलांना ओल्या राखेत हात घालू द्यायची नाही आणि राख चाळल्याशिवाय वापरायची नाही, कारण चुलीत पडलेला खिळा, काचेचा तुकडा किंवा विझायचा राहिलेला निखारा राखेत लपतो. सुरक्षिततेचा हा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. तो हातातून हातात येत होता.

दुसरा धोका भांड्याच्या आतल्या बाजूला होता. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला तर तो कळकतो. कळकणे हा शब्द आता शहरातल्या मुलांना माहीत नाही. ताक, कोकमाचे सार, चिंच घातलेली आमटी अशा भांड्यात ठेवली की धातू अन्नात उतरतो, चव बिघडते आणि पोटही. त्यावर उपाय कलई. आमच्याकडे ईदच्या आणि लग्नसराईच्या आधी कलईवाला हमखास यायचा. या धंद्यात मुसलमान कारागीर पुष्कळ होते, त्यामुळे तो आमच्या घरचा पाहुणाही असे. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडे तापले की त्यात नवसागराची पूड, मग कथलाच्या कांडीचा एक हलका स्पर्श आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवलेला हात. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून ते साध्या भट्टीवरही पाण्यासारखे पसरते. नवसागराचा पांढरा धूर निघायचा तेव्हा कलईवाला ओरडायचा, "वाऱ्याच्या अंगाला उभे राहा रे!" वारा पाठीवर घेतला की धूर तोंडावर येत नाही. हाही एक सुरक्षिततेचा नियमच. चांगला कलईवाला कथलात शिसे मिसळत नसे आणि चांगली गृहिणी कलई उडालेल्या भांड्यात आंबट रांधत नसे. कारागिराची आणि गृहिणीची ही न बोललेली भागीदारी होती आणि तिच्या आधाराने घर जेवत होते.

मग साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर पोचले. कळकण्याची भीती संपली आणि कलईवाल्याची आरोळीही हळूहळू विरली. गॅस आला तशी चुलीतली राख संपली. पावडरी आल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात साबणाची वडी मोरीवर स्थिरावली. तारेची घासणी आली, तिने बोटे सोलली. वाकून, उकिडवे बसून घासण्याच्या जागी उभे राहून घासणे आले. प्रत्येक वेळी एक धोका गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. धोका नवा असला की तो ओळखायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणाचे तरी हात भाजतात किंवा कापतात.

आता यंत्राकडे येऊ. भांडी धुण्याचे यंत्र करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाले. १८५० साली अमेरिकेत जोएल हॉटन यांनी हाताने फिरवायच्या एका लाकडी यंत्राचे पेटंट घेतले. त्यात भांड्यांवर पाणी उडत असे, पण भांडी स्वच्छ होत असत असे कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. खरे चालणारे यंत्र केले ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीविल गावच्या जोसेफीन कोक्रन या बाईंनी. घर सुखवस्तू, जेवणावळी नेहमीच्या, आणि कपाटात वडिलोपार्जित चिनी मातीची नाजूक भांडी. नोकरमाणसे ती धुताना त्यांचे टवके उडत. बाईंना ते सहन होईना. १८८३ साली त्यांचे पती वारले आणि मागे कर्ज उरले, तेव्हा शौक म्हणून मनात घोळणारी कल्पना उपजीविकेचे साधन झाली. जॉर्ज बटर्स नावाच्या एका मेकॅनिकला हाताशी धरून, घरामागच्या खोपटात, ताटे-कपांच्या मापाने तारेचे कप्पे तयार करून त्यांनी यंत्र उभे केले. भांडी जागच्या जागी राहतात आणि साबणाचे गरम पाणी जोराने त्यांच्यावर येते, ही त्यामागची कल्पना. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. आजही यंत्र याच तत्त्वावर चालते.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी केलेले भाषण आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्या प्रदर्शनातल्या उपाहारगृहांत जेवायला आलेल्या गर्दीची ताटे कोक्रनबाईंची यंत्रे धूत होती, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितले नाही. हॉटेलांनी यंत्रे घेतली, घरांनी घेतली नाहीत. घरातल्या बंबाला तेवढे गरम पाणी पुरवणे जमत नव्हते. १९१३ साली कोक्रनबाई वारल्या. त्यांची कंपनी पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेली आणि घरगुती यंत्र पाश्चात्त्य देशांत खऱ्या अर्थाने रुळले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

या गोष्टीत मला एक जागा फार महत्त्वाची वाटते. यंत्र जन्माला आले ते भांडी सुरक्षित राहावीत म्हणून. धुणाऱ्या हातांची दया कुणाला आली होती, असे नव्हे. टवके उडत होते त्याचे दुःख होते. यात कोक्रनबाईंना दोष देण्याचा हेतू नाही. एकट्या बाईने त्या काळात कारखाना उभा केला, ही लहान गोष्ट नव्हे. पण यंत्राच्या कुंडलीतच ही गोष्ट लिहिलेली आहे: आधी भांडी, मग हात. तो क्रम उलटा करायचे काम वापरणाऱ्यांवर सोडलेले आहे. तेव्हा आता एकेक धोका पाहू.

पहिला धोका साबणाचा. डिशवॉशरची पावडर किंवा गोळी ही आपली भांड्यांची वडी नव्हे. यंत्रात घासणारा हात नाही, म्हणून त्याची भरपाई गरम पाणी आणि तीव्र क्षार यांनी केलेली असते. एका अर्थी यंत्र पुन्हा राखेकडेच परतले आहे, फक्त ही राख कितीतरी पट तिखट आहे. ती जिभेला, घशाला, डोळ्याला भाजते. त्यातून आजकाल या गोळ्या रंगीबेरंगी, चकचकीत वेष्टनात येतात आणि लहान मुलाला त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. त्या सिंकखालच्या कपाटात ठेवू नयेत. वर, बंद डब्यात ठेवाव्यात, कोरड्या हाताने घ्याव्यात आणि यंत्र सुरू करण्याच्या क्षणीच आत घालाव्यात. यंत्र भरून, गोळी घालून, दार उघडे टाकून फोनवर बोलायला जाऊ नये. एखाद्या मुलाने तोंडात घातलीच, तर तोंड पाण्याने धुवावे, उलटी काढायला लावू नये, आणि पाकीट हातात घेऊन लगेच दवाखाना गाठावा. उलटी नको अशासाठी, की जे जाताना घसा भाजत गेले ते परत येतानाही भाजतच येते. डोळ्यात गेले तर चोळायचे नाही. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचे. आणि उलट चूकही करू नये: हाताने घासायचा फेसाळ साबण यंत्रात घातला तर दारातून फेस बाहेर येतो, फरशी निसरडी होते आणि पाणी विजेच्या भागापर्यंत जाऊ शकते.

दुसरा धोका सुरीचा. २००३ साली स्कॉटलंडमधल्या एका घरात स्वयंपाकघरात पाय घसरून एक तरुण स्त्री उघड्या डिशवॉशरवर पडली. आत सुरी टोक वर करून उभी ठेवलेली होती. त्या बाई वाचल्या नाहीत. म्हणून सुऱ्या, विळ्यांची पाती, काटे टोक खाली करून किंवा आडवे ठेवावेत, आणि शक्य तर धारदार सुरी हातानेच धुवावी. यंत्राचे दार खाली उघडते, जमिनीपासून वीतभरावर, नेमके पाय अडखळेल अशा उंचीवर. ते भरण्या-काढण्यापुरतेच उघडावे. रांगणारे मूल त्या दारावर चढू पाहते. यंत्र ओट्याखाली पक्के बसवलेले नसेल तर ते पुढे कलंडू शकते.

तिसरा धोका उष्णतेचा आणि विजेचा. यंत्रातले पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते. हाताला सोसवेल त्यापेक्षा हे कितीतरी जास्त. म्हणूनच ते चांगले निर्जंतुक करते आणि म्हणूनच धुणे चालू असताना दार ओढून उघडले तर वाफ तोंडावर येते. संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाणी तापवणारा हीटर गीझरइतकी वीज ओढतो. त्याला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग हवा. मिक्सरच्या बोर्डातून लांबवलेली वायर नको. वीज गळली तर पुरवठा तोडणारे स्वयंचलित बटण मुख्य बोर्डात असावे. आमच्या उरण भागात खाऱ्या हवेने पत्रा, खिळे, पिना सगळे गंजते. तिथे प्लगच्या पिना काळवंडल्या आहेत का, वायर गरम लागते का, हे अधूनमधून पाहायलाच हवे. २०१२ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने आपली सुमारे तेरा लाख यंत्रे आगीच्या धोक्यामुळे परत मागवली होती. हीटरच्या भागात बिघाड होत होता. तेव्हा यंत्र लावून घर बंद करून जाणे किंवा रात्री लावून झोपणे बरे नव्हे. आपण जागे असताना, घरात असताना ते चालू द्यावे.

चौथा प्रश्न भांड्यांचा, आणि इथे आपली घरे पाश्चात्त्य घरांपेक्षा वेगळी आहेत. कलईचे भांडे यंत्रात घालू नये, कलई उतरते. तांबे-पितळ काळवंडते. अ‍ॅल्युमिनियम त्या क्षाराने करडे-काळे पडते. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई यांच्यावर वर्षानुवर्षे बसलेला तेलाचा थर धुऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गंज धरतो. लाकडी पोळपाट-लाटणे फुगते आणि चिरते. पातळ प्लास्टिकचे डबे खाली हीटरजवळ ठेवले तर वितळतात. आणि प्रेशर कुकर कसाही धुतलात, तरी त्याच्या झाकणातली वाफेची नळी उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय कुकर पुन्हा चुलीवर ठेवू नये. तिथे अडकलेला डाळीचा एक दाणा यंत्राला दिसत नाही. मग यंत्रात जायचे काय? स्टीलची ताटे-वाट्या, काचेचे पेले, चिनी मातीच्या बश्या. म्हणजे ताटे-वाट्या यंत्राला आणि कढई, तवा, कुकर हाताला. जे काम मुळात जड होते, ते पुष्कळसे हाताकडेच राहिले.

आता मीठ. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असले की ते जड पाणी. ते तापले की भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि हीटरवर खवला चढतो. म्हणून यंत्राच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांची एक कुपी असते. हे मणी पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे पाणी त्यांच्यावरून फिरवून त्यांना पुन्हा ताजे करावे लागते. त्यासाठी जाडे, शुद्ध मीठ. रोजच्या जेवणातले बारीक, आयोडीनयुक्त मीठ नको. त्यात गोळे होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात. आणि मिठाच्या कप्प्यात चुकूनही साबण पडू नये, नाहीतर ते मणी कायमचे बिघडतात. धरणाचे पाणी सहसा हलके असते; पण टँकर किंवा बोअरवेलवर असलेल्या इमारतीत मीठ किती सोडायचे ते यंत्रावर वाढवून ठेवावे लागते.

आपल्याकडे हे यंत्र बरीच वर्षे दुकानात असूनही घरात येत नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घरकामाला येणाऱ्या बायांना इमारतींची फाटके बंद झाली आणि एकाएकी मध्यमवर्गाला आपले उष्टे आपल्या हाताने घासावे लागले. तेव्हा डिशवॉशरची मागणी इतकी वाढली की लोकांना वाट पाहत थांबावे लागले. फाटके पुन्हा उघडली, बाया परत आल्या, आणि यंत्रही राहिले. आता ते यंत्र चालवते कोण? मी आजूबाजूला पाहतो तर बहुतेक घरांत ते भरण्याचे आणि रिकामे करण्याचे काम त्याच बाईकडे आले आहे.

आमच्या मजल्यावरच्या एका घरी असे यंत्र आले. सोबतची पुस्तिका जाडजूड होती, पण तिच्यात मराठी नव्हते. त्या घरी कामाला येणाऱ्या मावशी जवळच्या गावातल्या. त्यांच्या सासरची माणसे एके काळी मिठागरात राबलेली. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "चाचा, तुम्ही मराठीतले ना, ह्यांना हे नीट वाचून सांगा." मी एकेक पान वाचून सांगत होतो. सुरीचे पान आले तेव्हा मावशी हसल्या. "टोक खालीच घालतात. हे काय पुस्तकात लिवायचं?" मिठाचे पान आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "ह्याच्यात मीठ कशाला?" मी मण्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मीठ भरताना सांडलं, तर लगेच धुवायला पाहिजे. राहिलं तर पत्रा खाईल. आमच्या मिठागरातली लोखंडाची घमेली दोन पावसाळे टिकायची नाहीत."

मी पान उलटले. पुढच्याच ओळीत तेच लिहिलेले होते: मीठ यंत्र सुरू करण्याच्या लगेच आधी भरा, सांडलेले मीठ आत राहिल्यास गंज चढतो. कारखान्यातल्या अभियंत्याने प्रयोगशाळेत जे शोधले, ते मावशींना खाऱ्या वाऱ्याने शिकवलेले होते. पण साबणाच्या गोळीचे पान आले तेव्हा त्या गप्प झाल्या. ती गोळी इतके दिवस त्या ओल्या हाताने फोडून घालत होत्या आणि बोटे का चुणचुणतात हे त्यांना कळत नव्हते. वेष्टन सोडवून घालायची की तसेच ठेवायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. जुना धोका त्यांना पाठ होता. नवा धोका इंग्रजीत छापलेला होता.

मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. राखेचे, कलईचे, विळीचे ज्ञान हातातून हातात आले, कारण काम करणारे आणि शिकवणारे एकाच मोरीवर बसलेले होते. यंत्राचे ज्ञान कागदातून येते. यंत्र विकत घेणारा तो कागद कपाटात ठेवतो आणि यंत्र हाताळणारीपर्यंत तो पोचत नाही. मावशींनी मला एकदा विचारलेही, की हे यंत्र आले म्हणजे आता आमचे काम जाणार का? मी काय भविष्य सांगणार? पण जोवर काम आहे, तोवर ते करताना हात भाजू नये, डोळा जाऊ नये, हा त्यांचा हक्क आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांसाठीचा करार मंजूर केला, त्यात सुरक्षित आणि आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. कारखान्यात यंत्र बसवले तर कामगाराला ते दाखवून द्यावे लागते. घरात बसवले तर नाही, असे का असावे?

त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. यंत्र बसवायला माणूस येतो त्या दिवशी, घरात ते जो कोणी वापरणार आहे त्या प्रत्येकाला समोर उभे करा. मालकीण, मालक, मुले, सून, आणि कामाला येणाऱ्या मावशीही. मालकाचे नाव मी मुद्दाम घेतले; दार खाली उघडणारे यंत्र पुरुषांनाही उघडता येते. मग एका कोऱ्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाच-सहा ओळी लिहून तो यंत्राजवळ चिकटवा. गोळी कोरड्या हाताने. टोक खाली. वाफ जाऊ द्या. मीठ जाडे, सांडले तर लगेच यंत्र सुरू करा. कलई, पितळ, बीड, लाकूड नको. मुलांना लांब ठेवा. ज्यांना वाचता येत नसेल त्यांना एकदा करून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. आणि समजावून सांगताना जरा थांबून त्यांचे म्हणणेही ऐका. मिठाविषयी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे.

मावशींच्या त्या घरी हा कागद मीच लिहून दिला. आमच्या इमारतीतल्या आणखी दोन घरांनी तो नंतर उतरवून नेला. त्यात मावशींनी सांगितलेली एक ओळ मी त्यांच्याच शब्दांत ठेवली आहे: राहिलं तर पत्रा खाईल.